केचकेमेत : गाणाऱ्या शाळेचे गाव

हंगेरीतील या शहरात ना किल्ला आहे, ना डोंगर, ना मोठी नदी. तरीही जगभरचे संगीतशिक्षक येथे येतात. कारण येथे गाणे हा गॅदरिंगपुरता विषय नाही. लिहिण्यावाचण्याइतकाच तो अभ्यासाचा विषय आहे.

हंगेरीला जाणारा प्रवासी बहुधा बुडापेस्ट पाहून परततो. डॅन्यूब नदी, तिच्या एका काठावर टेकड्यांचे बुडा, दुसऱ्या काठावर सपाट पेस्ट, नदीकाठची संसदेची भव्य इमारत आणि गरम पाण्याची स्नानगृहे पाहण्यात तीन-चार दिवस कसे निघून जातात ते कळत नाही. आपल्या अमृता शेरगिल यांचा जन्मही १९१३ साली याच शहरात झाला. त्यांची आई हंगेरियन होती आणि तिने गाण्याचे शिक्षण घेतलेले होते.

पण आणखी एक दिवस हाताशी असेल तर बुडापेस्टच्या न्युगाती स्टेशनावरून आग्नेयेकडे जाणारी गाडी पकडावी. थोड्याच वेळात शहर मागे पडते आणि हंगेरीचे महामैदान सुरू होते. दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची आणि मक्याची शेते, मधूनमधून फळबागा. कुठे चढ नाही, उतार नाही. सव्वा-दीड तासात गाडी केचकेमेतला पोहोचते. बुडापेस्टपासूनचे अंतर सुमारे ९० किलोमीटर आणि लोकवस्ती लाखाच्या थोडी वर. हंगेरियन भाषेत ‘केचके’ म्हणजे शेळी, म्हणून शहराच्या मानचिन्हावर शेळीच आहे. इथली जर्दाळू प्रसिद्ध आणि जर्दाळूपासून गाळलेली ‘पालिंका’ ही दारू त्याहून प्रसिद्ध. २०१२ साली येथे मर्सिडीज मोटारींचा मोठा कारखाना सुरू झाला. आता नोकरीधंद्याचे गाव म्हणूनही त्याचे नाव होते.

मात्र संगीतशिक्षकांना हे गाव माहीत असते ते एका माणसामुळे आणि एका शाळेमुळे.

स्टेशनावर जन्मलेला संगीतकार

त्या माणसाची ओळख गाडीतून उतरतानाच होते. संगीतकार झोल्तान कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी केचकेमेतच्या रेल्वे स्टेशनावरच झाला. वडील रेल्वेत नोकरीला होते आणि घर स्टेशनातच होते. हंगेरीत आपल्यापेक्षा उलटी रीत आहे. तेथे आडनाव आधी व नाव नंतर, म्हणून फलकांवर ‘कोदाय झोल्तान’ असे लिहिलेले दिसते.

रेल्वेतल्या माणसाचे घर एका गावी टिकत नाही. कोदाय लहान असतानाच कुटुंबाची बदली गालांता या गावी झाली. ते गाव आज स्लोव्हाकियात आहे. वडील व्हायोलिन वाजवत, आई पियानो वाजवी आणि गाई. शाळेत बरोबरची मुले खेड्यातली. त्यांच्या तोंडची गाणी कोदाय यांच्या कानांवर पडली ती कायमची. पुढे १९३३ साली त्यांनी ‘गालांताची नृत्ये’ ही वाद्यवृंदाची रचना केली. तिच्या नावातच हे गाव आहे.

रंगीत कौलांचे शहर

स्टेशनापासून शहराचा मुख्य चौक चालत जाण्याइतका जवळ आहे. गावाच्या मध्यभागी झाडांनी भरलेले चौक एकाला लागून एक आहेत आणि त्यांच्या कडेने निरनिराळ्या पंथांची मंदिरे उभी आहेत. कॅथलिकांचे मोठे चर्च, सुधारित पंथाचे चर्च, लूथरपंथीयांचे चर्च आणि ज्यूंचे सिनेगॉग. सिनेगॉगची इमारत देखणी आहे, पण तिथे आता प्रार्थना होत नाही. १९४४ साली केचकेमेतच्या ज्यूंना छळछावण्यांकडे नेण्यात आले आणि एक भरलेला समाज जवळजवळ पुसला गेला. चौकातून हिंडताना ही गोष्ट विसरता येत नाही.

नगरपालिकेची इमारत १८९० च्या दशकातली आहे. ती ओदोन लेखनेर आणि ग्युला पार्तोश या वास्तुशिल्पकारांनी बांधली. तिच्या भिंतींवर आणि छपरावर हंगेरियन भरतकामाची आठवण करून देणारी नक्षी आहे. तिच्यापुढे घंटांचा संच बसवलेला आहे आणि त्यातून ठरावीक वेळी कोदाय यांचे सूर वाजतात. बाजारहाटाला निघालेली माणसे त्याकडे मान वर करून पाहत नाहीत, कारण ते त्यांच्या रोजच्या सवयीचे झाले आहे. जवळच १९०२ साली बांधलेला ‘चिफ्रापालोता’ म्हणजे नटवा महाल आहे. वळणावळणाच्या भिंती, रंगीत कौले आणि चकाकती चिनी मातीची फुले पाहून एखाद्या मुलीने रुखवतात मांडलेल्या घराची आठवण होते.

थोड्या अंतरावर अठराव्या शतकातला फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे. जाड भिंती, कमानींचे व्हरांडे आणि मध्ये अंगण. या मठात १९७५ सालापासून कोदाय संगीत अध्यापन संस्था आहे. जपान, अमेरिका आणि युरोपातल्या अनेक देशांचे शिक्षक येथे शिकायला येतात. त्यांचा मुख्य प्रश्न एकच असतो, शाळेतल्या मुलांना गाणे कसे शिकवावे? उत्तम गायक कसा घडवावा हा त्यानंतरचा प्रश्न.

खेड्यापाड्यांतून गोळा केलेली गाणी

या प्रश्नाचे उत्तर कोदाय यांनी वर्गात बसून शोधले नाही. १९०५ साली ते गालांताच्या आसपासच्या खेड्यांत गाणी टिपायला निघाले. पुढे त्यांच्याच वयाचे बेला बार्तोक त्यांना मिळाले. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उमटवणारे फोनोग्राफचे यंत्र घेऊन हे दोघे गावोगाव फिरले. दळणाऱ्या, कातणाऱ्या, पाळणा हलवणाऱ्या बायकांना आणि म्हाताऱ्या मेंढपाळांना त्यांनी गायला लावले. १९०६ साली दोघांनी मिळून लोकगीतांचे पहिले छोटे पुस्तक काढले.

त्या काळी बुडापेस्टच्या सुखवस्तू घरांत जर्मन संगीताला मान होता आणि खेडुतांची गाणी अडाणी समजली जात. मुले ज्या भाषेत बोलत त्या भाषेचे संगीत त्यांना शाळेत कुणी शिकवत नव्हते. ही गोष्ट कोदाय यांना खुपली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या कानांनी ऐकलेली पिढी शाळेत गेली आणि तिथे त्या ओव्यांना जागा नव्हती, त्यातलाच हा प्रकार.

१९२५ साली बुडापेस्टच्या एका साध्या मुलांच्या शाळेच्या वृंदासाठी कोदाय यांनी लोकगीतांवरून दोन रचना केल्या. गरिबाघरची मुले अवघड रचना इतकी नीट गातात हे पाहून त्यांची खात्री पटली की कमतरता मुलांच्या गळ्यात नसून शिकवण्यात आहे. त्यानंतर ज्या वयात संगीतकार मोठ्या सभागृहांसाठी लिहितात त्या वयात ते शाळकरी मुलांसाठी दोन-दोन ओळींचे धडे लिहीत बसले. १९२९ साली त्यांनी मुलांच्या वृंदगानावर एक लेख लिहिला. त्यातला एक विचार आजही शिक्षकांना सांगितला जातो. राजधानीतल्या ऑपेराचा प्रमुख कोण, यापेक्षा आडगावच्या शाळेत गाण्याचा मास्तर कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ऑपेराचा वाईट प्रमुख फार दिवस टिकत नाही. वाईट मास्तर मात्र तीस वर्षे नोकरी करतो आणि दरवर्षी एका वर्गाची गाण्याची गोडी मारतो.

१९५० साली उघडलेली शाळा

हा विचार प्रत्यक्षात आला तो त्यांच्या जन्मगावी. मार्ता नेमेशसेगी या शिक्षिकेने १९५० साली केचकेमेतमध्ये संगीत प्राथमिक शाळा सुरू केली. कोदाय यांचा तिला पाठिंबा होता. युद्धात देश उद्ध्वस्त झालेला, राज्य कम्युनिस्टांचे, कशाचीच मुबलकता नाही. पण गाण्याला सामान लागत नाही. कोदाय यांचा आग्रहही हाच होता. पियानो, व्हायोलिन श्रीमंतांच्या घरी असते, गळा मात्र प्रत्येकाजवळ असतो. म्हणून आधी गाणे आणि मग वाद्य.

शाळा इतर शाळांसारखीच होती. गणित, भाषा, विज्ञान सगळे तेच. फरक एवढाच की गाण्याचा तास जवळजवळ रोज आणि त्याशिवाय वृंदगानाचा सराव वेगळा. इतका वेळ गाण्यात गेला तर मुले बाकीच्या विषयांत मागे पडतील, ही भीती तिथल्या पालकांनाही होती. शिक्षकांचा अनुभव उलटा आला. मुले मागे पडली नाहीत, उलट त्यांचे लक्ष आणि स्मरण चांगले असल्याचे दिसले. पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीही या शाळांकडे लक्ष दिले. अर्थात अशा शाळेत मूल घालणारे पालक मुळातच जागरूक असतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. आणि कोदाय यांना गणितातल्या गुणांसाठी गाणे नको होते. गाण्यासाठीच गाणे हवे होते.

पाहता पाहता हंगेरीत अशा शाळांची संख्या शंभरावर गेली. १९६४ साली बुडापेस्टमध्ये जगभरच्या संगीतशिक्षकांची परिषद भरली. परदेशी पाहुण्यांनी साध्या शाळेतली मुले कागदावरची अनोळखी चाल थेट वाचून गाताना पाहिली आणि तेव्हापासून केचकेमेतकडे पाहुण्यांची रीघ लागली. १९६७ साली कोदाय गेले. १९७० सालापासून केचकेमेतमध्ये उन्हाळी वर्ग भरू लागले.

‘सा’ कुठेही धरा

या पद्धतीचा वर्ग पाहणाऱ्या मराठी माणसाला एक गंमत वाटते. जपानी किंवा अमेरिकन पाहुण्याला जे नवे वाटते, त्यातले बरेचसे आपल्याला ओळखीचे असते.

पहिलीच्या वर्गात पुस्तक नसते. मुले गोल करून उभी राहतात, हात धरून फिरतात आणि खेळाची गाणी म्हणतात. आपल्या भोंडल्याच्या फेरासारखेच. कोदाय आणि बार्तोक यांनी पाया घातलेल्या लोकगीतांच्या महासंग्रहाचा पहिला खंड १९५१ साली निघाला, तो मुलांच्या खेळगीतांचाच होता. फेर धरताना पावले पडतात, त्यावर टाळ्या पडतात आणि ताल अंगात भिनतो. मग एका मात्रेला ‘ता’ आणि अर्ध्या-अर्ध्या मात्रांना ‘ति-ति’ म्हणायला शिकवतात. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायची सवय असलेल्या देशाला हे काय वेगळे सांगायचे?

मग स्वर. दो, रे, मि, फा, सो, ला, ति ही त्यांची सरगम. तिथल्या संगीतात ‘दो’ची जागा एका ठरावीक पट्टीला बांधून ठेवण्याचीही रीत आहे. कोदाय यांनी ती घेतली नाही. गळ्याला सोयीचे असेल तिथे ‘दो’ धरावा आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखावे, हा त्यांचा नियम. म्हणजे आपला षड्जच. काळी एक असो की पांढरी पाच, ‘सा’ धरला की पुढचे सगळे आपोआप जागेवर येते.

मुले सुरुवातीला फक्त दोन स्वर गातात, ‘सो’ आणि ‘मि’, म्हणजे आपला पंचम आणि गंधार. एकमेकांना लांबून हाक मारताना मुलांच्या तोंडून हेच अंतर सहज निघते. त्यात ‘ला’ म्हणजे धैवत मिळतो, मग ‘दो’ आणि ‘रे’. असे पाच स्वर पुरे होतात : सा रे ग प ध. वाचकांनी ओळखलेच असेल, हे भूपाचे स्वर! आता राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. चलन, वादी-संवादी हे सगळे त्यात येते आणि ते तिकडे नाही. पण आपल्या घरांत पहाटेची भूपाळी ज्या पाच स्वरांतून आली, त्याच पाच स्वरांवर हंगेरीचे मूल गायला शिकते, हे समजल्यावर परक्या देशातला तो वर्ग परका राहत नाही. मध्यम आणि निषाद हे दोन स्वर त्यांना उशिरा शिकवतात, कारण अर्ध्या अंतराचे स्वर लहान गळ्याला सुरात लावणे कठीण जाते.

स्वर दिसावा म्हणून हाताच्या खुणा आहेत. ‘दो’ला कमरेपाशी मूठ, ‘मि’ला आडवा सपाट पंजा, ‘सो’ला तळवा आपल्याकडे करून आडवा हात, ‘ति’ला वर रोखलेले बोट. स्वर चढेल तसा हात वर जातो. या खुणा मूळच्या इंग्रज धर्मोपदेशक जॉन कर्वेन यांच्या, एकोणिसाव्या शतकातल्या. कोदाय यांच्या सहकाऱ्यांनी त्या थोड्या बदलून घेतल्या. शिक्षिका तोंडाने काही न बोलता हात हलवते आणि वर्ग गातो. मध्येच ती खूण करते आणि वर्ग गप्प होतो, पण गाणे थांबत नाही. मुले मनातल्या मनात पुढे गात राहतात. पुन्हा खूण झाली की तीस गळे एकदम त्याच स्वरावर, त्याच मात्रेवर उघडतात. आवाज न काढता स्वर ऐकणे हे या शिक्षणाचे मर्म आहे. आपले बुवा शिष्याला ‘आधी मनात म्हण’ असे सांगतात, तेच हे.

यानंतर मात्र आपल्या ओळखीची वाट संपते. शिक्षिका दोन्ही हात वर करते. डावा हात अर्ध्या वर्गासाठी, उजवा उरलेल्या अर्ध्यासाठी. दोन्ही हात वेगवेगळे स्वर दाखवतात आणि वर्ग एकाच वेळी दोन ओळी गातो. आपण भजनात, आरतीत सगळे मिळून एकच चाल गातो. इथे प्रत्येकाला आपली चाल सांभाळून शेजाऱ्याची चाल ऐकावी लागते. जोरात ओरडून चालत नाही, कारण ओरडले की दुसरा ऐकू येत नाही आणि सूर जातो. गप्प राहूनही चालत नाही, कारण मग आपली बाजू दुबळी पडते. शिस्त लावण्यासाठी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

इतिहास पाठ करायचा नाही, गायचा

संगीताचा इतिहास म्हटले की डोळ्यांसमोर येते ती थोर संगीतकारांची नावे आणि जन्म-मृत्यूचे सन यांची यादी. केचकेमेतच्या पद्धतीत मुले इतिहासाकडे गळ्यातूनच जातात. खालच्या वर्गांत आपल्या गावची, आपल्या भाषेची लोकगीते. त्यानंतर शेजारच्या देशांची. मग वरच्या वर्गांत काळाच्या क्रमाने मध्ययुगातली चर्चची एकसुरी स्तोत्रे, सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रिना यांच्या काळचे अनेक आवाजांचे गायन, मग बाख, मग हायडन-मोझार्ट-बीथोव्हेन आणि शेवटी बार्तोकपर्यंत. प्रत्येक थांब्यावर त्या काळातले काहीतरी मुले स्वतः गातात आणि त्यानंतर ध्वनिमुद्रण ऐकतात. बीथोव्हेन यांच्या १८२४ सालच्या नवव्या सिंफनीतली प्रसिद्ध चाल बहुतेक शेजारशेजारच्या स्वरांवरूनच चालते. ती शाळकरी मुलाला सहज गाता येते. एकदा ती सरगमने गायली की मोठ्या वाद्यवृंदात ती कुठे लपली, कुठे पुन्हा वर आली हे मूल बरोबर दाखवते. ज्याने स्वतः दोन आवाजांचे गाणे गायले आहे, त्याला बाख यांच्या रचनेत चार आवाज एकमेकांत कसे गुंफले आहेत हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि या इतिहासाचे एक टोक केचकेमेतच्याच मातीत आहे. सोळाव्या शतकात हे महामैदान तुर्की सुलतानाच्या ताब्यात होते आणि केचकेमेत थेट सुलतानाच्या खजिन्याला कर भरत असे. त्या काळात मिहाय वेग नावाच्या इथल्या कवीने बायबलमधल्या पंचावन्नाव्या स्तोत्राचे हंगेरियन रूपांतर केले. फितुरी आणि छळ सोसणाऱ्या माणसाची ती विनवणी आहे. १९२३ साली बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही गावे एक होऊन बुडापेस्ट शहर झाल्याला पन्नास वर्षे झाली. त्या समारंभासाठी कोदाय यांना रचना करायला सांगितले गेले. पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा बहुतांश मुलूख गेला होता आणि देश खचला होता. अशा वेळी कोदाय यांनी जयघोषाचे गाणे निवडले नाही. आपल्या जन्मगावच्या जुन्या कवीची ती विनवणी घेतली. ‘साल्मुश हुंगारिकुश’ या नावाने ती रचना जगभर गेली. केचकेमेतच्या मुलाला ही गोष्ट कळते तेव्हा संगीताचा इतिहास दूरच्या व्हिएन्नात किंवा पॅरिसमध्ये घडलेला राहत नाही. तो त्याच्या चौकातून गेलेला असतो.

तिथे आणि आपल्याकडे

केचकेमेतमध्ये सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. संगीत शाळांत प्रवेश देताना मुलाचा कान आणि कल पाहतात. कोदाय यांची मागणी तर अशी होती की प्रत्येक साध्या शाळेत प्रत्येक मुलाला हे मिळावे. ती मागणी त्यांच्या देशातही पुरी झाली नाही. साध्या शाळांत, विशेषतः वरच्या वर्गांत, गाण्याचे तास पूर्वीपेक्षा कमी झाले. संगणक आणि परकी भाषा यांना जागा करून देताना आधी गाण्याचाच तास जातो, हा अनुभव तिथलाही आहे. २०१६ साली युनेस्कोने या पद्धतीची नोंद लोकसंगीताचा वारसा जपण्याचे चांगले उदाहरण म्हणून केली. पण असा सन्मान झाला म्हणून वेळापत्रकातला तास परत येत नाही.

मग आपल्याकडचे काय? साधनसामग्री आपल्याकडे कमी नव्हती. १८८६ साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी गायनशाळा काढली. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडून गाणे घराण्याच्या भिंतीबाहेर आणले. पंडित भातखंडे यांनी कोदाय-बार्तोकांसारखीच देशभर पायपीट करून बंदिशी गोळा केल्या आणि पायरीपायरीने शिकवणारी क्रमिक पुस्तके लिहिली. संगीतकार वसंत देसाई यांनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र बसवून समूहगायन शिकवले. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत खेड्यातली मुले स्वरलेखन वाचून गायला शिकली आणि त्यांतलेच कित्येक जण पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथल्या मराठी घरांत तर पेटी-तबला असायचाच.

तरी आज आपल्या बहुतेक शाळांत गाणे म्हणजे सकाळची प्रार्थना, १५ ऑगस्टचे समूहगीत आणि गॅदरिंग. त्यातही ज्याचा आवाज चांगला तो पुढे उभा राहतो. बाकीच्यांतल्या एखाद्याला तर सांगितले जाते, “तू नुसते ओठ हलव.” ज्या मुलाला आठव्या वर्षी हे ऐकावे लागते, ते पुढे आयुष्यभर ‘मला गाण्यातले काही कळत नाही’ असे म्हणत राहते. अंकगणितात चुकणाऱ्या मुलाला आपण ‘तू पाढे म्हणू नकोस’ असे सांगत नाही. त्याच्याकडून पुन्हा म्हणून घेतो. केचकेमेतच्या पद्धतीचे सार एवढेच आहे की सूर हाही पाढ्यासारखा रोज थोडा म्हटला की येतो, आणि तो जवळजवळ सर्वांना येतो.

यासाठी पैसा फारसा लागत नाही. ओव्या, भोंडल्याची गाणी, भूपाळ्या, भारुडे आपल्याजवळ आहेत. सरगम आहे, टाळी आहे. रोजची वीस मिनिटे आणि मुलांवर न ओरडणारी एक शिक्षिका एवढे मिळाले तर चौथीच्या वर्गाला दोन आवाजांत गाता येईल. घरी आईवडिलांनाही सुरुवात करता येते. मोबाइलवर बालगीत लावून देण्याऐवजी ते मुलाबरोबर स्वतः म्हणावे. आपला आवाज कसा आहे, याची काळजी त्या वयातले मूल करत नाही.

कसे जाल, काय पाहाल?

बुडापेस्टला जाण्यासाठी आखाती देशांतून किंवा युरोपातल्या एखाद्या मोठ्या शहरातून विमान बदलून जाता येते. हंगेरी शेंगेन देशांत येतो, तेव्हा त्याचा व्हिसा लागेल. चलन मात्र युरो नसून फोरिंट आहे. बुडापेस्टहून केचकेमेतला आगगाडी आणि बस दोन्ही जातात. सकाळी निघून संध्याकाळी परतता येते, पण एक रात्र राहिल्यास गाव नीट पाहून होते.

मुले बरोबर असतील तर खेळण्यांचे संग्रहालय जरूर दाखवावे. जवळच्या बुगाच येथे मैदानातले घोडेस्वार आपल्या कसरती दाखवतात. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे, कारण तिथल्या बहुतेक रश्शांत मांस असते. चीज किंवा बटाटा घातलेले पदार्थ आणि जर्दाळूचा मुरंबा घातलेले पातळ घावनासारखे ‘पालाचिंता’ चालतील. बुडापेस्टला परतल्यावर आंद्राशी मार्गावरचे कोदाय यांचे घर पाहावे. १९२४ पासून अखेरपर्यंत ते तिथे राहत. आता तिथे त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.

मे आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. हवा सुखद असते आणि शाळाही चालू असतात. जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शाळांना सुट्टी असते. त्या काळात गेल्यास इमारती दिसतील, वर्ग दिसणार नाही. गाण्याचा तास पाहायचा असेल तर संगीत संस्थेला आधी पत्र लिहून परवानगी मागावी. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांनी तर एवढे कष्ट जरूर घ्यावेत.